सहा शब्द माझ्याकडं

बावीस वर्षं पिग्मी गोळा करतो मी.
(आमच्या वडगावात बायकापण 'करतो'च म्हणतात,
पुण्याहून आलेली एक सून तेवढी हसली होती एकदा.)
वीस रुपये, पन्नास, दिवाळीच्या तोंडावर शंभर.
पंक्चरवाला, इडलीवाली, यंत्रमागावरच्या दोघी जावा,
त्यांच्या रोजच्या भीतीची
मी मशिनीतून पावती काढून देतो.

प्रज्वल मुतगेकर उद्यमबागेत ओतकामाला.
पाळी सुटली की गेटवर पन्नास, न चुकता.
एक दिवस म्हणाला, "अक्का, माझं बंद कर.
तुझ्याकडं पैसा झोपतोय बघ,
हितं रात्रीपण जागा असतोय."
मोबाईल पुढं केला. हिरवी रेघ
येळ्ळूरच्या गडाच्या वाटेसारखी वर चाललेली.
दोन लाखांचे पाच.

"कोण आहे ह्याचा चेअरमन?"
"कोणच नाही."
"मग बुडलं तर कुणाच्या दारात बसायचं?"
"तुझी पहिली सोसायटी बुडली तेव्हा
बसलीस की दारात. काय मिळालं?"

बसलो होतो. अकरा महिने.
चेअरमनच्या अंगणात तुळस होती,
त्याची बायको सकाळी पाणी घालायला यायची,
आमच्या चपलांवर थोडं सांडायचं.
सांडायचं की सांडायची, ते अजून कळलं नाही.

भट्टीपाशी तो वाळू मुठीत दाबतो,
मूठ उघडून मोडून बघतो,
कडा धरली तरच साचा.
ओल राहिली तर लोखंड उसळतं;
लगमाण्णाच्या गालावर तसा डाग आहे,
पानाएवढा, गुळगुळीत.
"तिथं एवढा बघून करतोस," मी म्हटलं, "आणि हितं?"
"हितंपण बघतो की," म्हणाला,
मग जरा थांबून,
"पण हितली वाळू मुठीत येत नाही, अक्का."

किल्ली म्हणजे बारा शब्द.
हरवले तर गेलं. दुसऱ्याच्या हाती लागले तरी गेलं.
सहा त्याच्याकडं, सहा माझ्याकडं.
बायकोकडं का नाही, विचारलं तर म्हणाला,
"तू कुणाचं कुणाला सांगत नाहीस."
खरं आहे ते.
नवऱ्यांना ठाऊक नसलेली चौदा खाती आहेत माझ्या वहीत.
दुकानावरचा बोर्ड कन्नड, हिशोब मराठी,
हे शब्द इंग्रजी; मी आपल्या अक्षरात उतरवले
पावतीच्या संपत आलेल्या रोलवर:
लॅडर, ऑरेंज, टनेल,
पोनी, व्हिलेज, विंटर.
अर्थ विचारले नाहीत.
रोल तांदळाच्या डब्यात.

गणपतीच्या आधी रेघ लाल झाली.
पाचाचे तीन, तिनाचे दीड,
एका रविवारी, मटण शिजेस्तोवर, नव्वद हजार.
'वीक' म्हणायला तोंड उघडलं होतं मी.
मग वाटलं, मी कोण सांगणारी,
माझ्या शहाणपणाचे अकरा महिने
तुळशीच्या पाण्यात गेलेले.
तो बारीक झाला. चहा अर्धा टाकायला लागला.
मी रोज डबा उघडून बघायचो, रोल आहे काय,
जणू रोल आहे म्हणजे पैसे आहेत.

परवा गेटवर त्यानं पन्नास पुढं केले.
"चालू कर पिग्मी."
"आणि ते?"
"तेपण असू दे. शब्द नीट आहेत न्हवं?"
म्हणून दाखवले. सहाही. न बघता.
विंटरला माझा आवाज जरा चढला
असं वाटलं मला.

मशिनीतून पावती येईपर्यंत
मध्ये जो वेळ असतो, खरखर आवाजाचा,
त्यात विचारून टाकलं:
"दोनशेचं मिळतं काय रे ते?"

तो हसेल असं वाटलेलं.
हसला नाही.
वाळू मोडून बघतात तसा
बघत राहिला माझ्याकडं,
कडा धरते काय.